उज्जयिनीच्या कालभैरवाचा सुरानैवेद्य

उज्जयिनीस जाणारा महाराष्ट्रीय अथवा गोमंतकीय यात्रेकरू प्रथम क्षिप्रेत स्नान करतो, महाकालेश्वराचे दर्शन घेतो, हरसिद्धी, गडकालिका, मंगळनाथ इत्यादी स्थाने पाहतो आणि मग क्षिप्रेच्या काठी भैरवगड येथील कालभैरवाच्या देवळात येतो. येथवर त्याला सारे परिचित असते. या देवळात मात्र जो नैवेद्य अर्पण होतो तो पाहून तो क्षणभर थबकतो. पुजारी भाविकाने आणलेली मद्याची बाटली उघडतो, बशीत मद्य ओततो, मंत्र म्हणत ती बशी देवाच्या शेंदूरचर्चित मुखाशी, ओठांमधील बारीक फटीला लावतो. बशी हळूहळू तिरपी होते व रिती होते. बाटलीतील उरलेला भाग, साधारणतः एक तृतीयांश, प्रसाद म्हणून भाविकाच्या हाती परत येतो.

हा प्रकार पाहून दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. देव खरोखरच पितो की काय आणि ते मद्य जाते कोठे, असे कुतूहल काहीजण व्यक्त करतात. दुसरे काहीजण, विशेषतः ज्यांच्या घरी मद्याचे नावही उच्चारले जात नाही असे, मान खाली घालून बाहेर पडतात आणि घरी आल्यावर यात्रेच्या वर्णनातून एवढा भाग गाळतात. या दोन्ही वृत्ती बाजूस ठेवून एक वेगळाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. ज्या धर्मशास्त्राने सुरापानाची गणना महापातकांत केली, त्याच धर्माच्या एका मान्य देवस्थानात सुरा नैवेद्यपात्रात कशी राहिली? ती तेथे राहिली याचा अर्थ पिण्याची मुभा असा घ्यावयाचा, की पिण्याची मर्यादा असा? हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जयिनीत मद्यविक्री बंद झाली असल्याने तो आज प्रत्यक्ष उभा राहिला आहे.

प्रथम दैवताचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. भैरवाची पुराणप्रसिद्ध कथा अशी की ब्रह्मदेवाचे पाचवे शिर त्याने छेदले, त्या ब्रह्महत्येचे कपाल त्याच्या हाताला चिकटले आणि ते घेऊन भिक्षाटन करीत हिंडावे लागल्यानंतर काशीस त्याची त्यातून मुक्तता झाली. तेच कपाल त्याचे पात्र होय. म्हणजे हा देव स्वतःच पातक वाहिलेला आणि प्रायश्चित्त भोगलेला आहे. काशीप्रमाणेच उज्जयिनीतही त्याला नगराचा कोतवाल मानतात. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात या क्षेत्रातील अष्टभैरवांचा महिमा आला असून भैरवगडचा कालभैरव त्यांत प्रमुख गणला जातो. शुद्धाशुद्धतेच्या कुंपणापलीकडे उभे राहून आतल्यांचे रक्षण करणारा असा हा पहारेकरी आहे. घराच्या देव्हाऱ्यात जे चालत नाही ते वेशीवरच्या रक्षकाला चालते, ही समजूत आपल्या ग्रामदैवतांच्या परंपरेत सर्वत्र आढळते.

सुरेचा व देवकार्याचा संबंध मात्र भैरवापेक्षाही जुना आहे. वैदिक सौत्रामणी यागात दुधाच्या पात्रांबरोबर सुरेची पात्रे अश्विनीकुमार, सरस्वती व इंद्र यांना अर्पण होत. पुढे स्मृतिकारांनी सुरेविषयी कठोर भूमिका घेतली. मनुस्मृतीने गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि मधूक किंवा मधापासून केलेली माध्वी असे सुरेचे तीन प्रकार सांगून द्विजोत्तमांना तिन्ही वर्ज्य ठरविले. मध्ययुगीन निबंधकारांनी कलियुगात निषिद्ध ठरणाऱ्या गोष्टींची यादी केली, तेव्हा सौत्रामणीतील सुराग्रहणही त्या यादीत घातले. एकेकाळी विहित असलेली गोष्ट काळ पाहून वर्ज्य करण्याचे धैर्य आपल्या परंपरेत होते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

वैदिक यज्ञातून सुरा गेली तरी शैव व शाक्त आगमांच्या एका शाखेत ती टिकून राहिली. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा आणि मैथुन या पंचमकारांत तिचे स्थान पहिले. कापालिक साधू नरकपालाचे पात्र बाळगीत आणि भैरवाची उपासना करीत. आनंदगिरीच्या शंकरविजयात आचार्यांची कापालिकांशी गाठ उज्जयिनीतच पडल्याचे वर्णन आहे. भैरवगडच्या देवळाभोवती परमारकालीन मूर्ती सापडल्या असून आजची वास्तू जुन्या मंदिराच्या अवशेषांवर उभी आहे. तेथील पूजाविधीतून चार मकार केव्हाच लोपले आणि एकटे मद्य उरले. याच तांत्रिक परंपरेने मद्याला पर्यायही सांगून ठेवले आहेत. काशाच्या पात्रातील नारळाचे पाणी हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. ज्याला प्रत्यक्ष द्रव्य वर्ज्य, त्याने अनुकल्पाने पूजा करावी, अशी ही सोय आहे. म्हणजे खुद्द वाममार्गानेही मद्य अपरिहार्य मानले नव्हते.

आता या पात्रात पूर्वी कोणते पेय असेल, याचा विचार करू. मौर्यकाळी उज्जयिनी ही अवंतीच्या प्रांताची राजधानी होती आणि तरुणपणी अशोक येथेच राज्यपाल होता. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला असून त्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार कृतीसह दिले आहेत. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व म्हणजे मेदक. किण्व म्हणजे आंबवण. ते उडदाचा लगदा व तांदूळ यांपासून करीत. मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा गुळात मिसळून त्यात पिंपळी, मिरी इत्यादी घालीत. द्राक्षांच्या रसाचे ते मधु. ठरलेल्या स्थानाबाहेर मद्य करणारा, विकणारा वा विकत घेणारा यांस सहाशे पण दंड होता. मात्र कुटुंबीयांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची परवानगी होती, आणि उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची सवलत मिळे. राजसत्ता एका हाताने अडवते आणि यात्रेच्या दिवशी दुसऱ्या हाताने सोडते, ही रीत अशी फार जुनी आहे.

चरकसंहितेने आसवांची तर गणतीच करून ठेवली आहे. धान्यांपासून सहा, फळांपासून सव्वीस, मुळांपासून अकरा, झाडांच्या गाभ्यापासून वीस, फुलांपासून दहा, कांडांपासून चार, पानांपासून दोन, सालींपासून चार आणि साखरेपासून एक, अशी चौऱ्याऐंशी आसवे! फुलांच्या दहांत माळव्याच्या रानात विपुल असलेला मोह आणि आपल्या परिचयाची धायटी ही दोन्ही आहेत. याच ग्रंथाच्या मदात्यय प्रकरणात मद्याचे गुण व ओजाचे गुण समोरासमोर मांडले आहेत. मद्य लघु, उष्ण, तीक्ष्ण, अम्ल व रूक्ष. ओज गुरु, शीत, मृदु, मधुर व स्निग्ध. अशा दहा जोड्या सांगून चरक दाखवितो की मद्य हृदयात शिरून ओजाच्या प्रत्येक गुणाला त्याच्या विरोधी गुणाने ढवळून काढते. योग्य रीतीने, योग्य मात्रेने घेतलेले मद्य अमृतासमान आणि तसे न घेतलेले विषासमान, हा त्याचा निष्कर्ष होय. प्राचीनांना मद्याचा स्वाद ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी निषेध केला, असे कोणी समजू नये. त्यांनी स्वाद पारखला, गुण मोजले आणि मगच मर्यादा घातली.

या पारखीचा एक धागा थेट आजच्या मद्यशाळांपर्यंत येऊन पोचतो. गुळाच्या गोडीला सालीच्या तुरट-कडू काढ्याने आवर घालावा, हे मैरेयाच्या कृतीमागील तत्त्व असावे असे वाटते. युरोपात तेच काम हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी केले. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन तपस्विनीने हॉपच्या कडवटपणामुळे पेय टिकते असे नोंदविले, आणि १५१६ साली बव्हेरियाच्या राजाज्ञेने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा दंडक घातला. थंड तळघरात दीर्घकाळ साठवून मुरविलेल्या बिअरला लागर म्हणतात. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थच साठवण असा आहे. हॉप आज आपल्या हिमाचलातील लाहूलच्या खोऱ्यातही पिकतो. पुण्यात २००९ साली दुलाली नावाची लघुमद्यशाळा निघाली आणि त्यानंतर अशा हातघडणीच्या बिअरची चव घेऊन तिचे वर्णन करणारा एक जाणकार वर्गच शहरांतून तयार झाला. हॉप सढळ घातलेल्या तीव्र लागरविषयी हे जाणकार जे सांगतात ते आयुर्वेदाच्या परिभाषेत सहज मांडता येते. आरंभी भाजलेल्या जवाच्या अंकुरांचा मधुर रस. मध्ये राळेसारखा किंवा लिंबाच्या सालीसारखा गंध. अंती जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा तिक्त रस, आणि त्यामागोमाग घशातून उतरणारी उष्णता. तिक्त रस गोडीला मुरड घालतो म्हणून घोट जड होत नाही. परंतु त्यामुळेच पेयाची तीव्रता जिभेला कळत नाही. आपल्याकडील तीव्र बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असते. रसाने झाकलेली तीक्ष्णता हा चरकाच्याच चिंतेचा विषय होय.

धान्याच्या आंबवणीपासून झालेली ही बिअर आपल्या जुन्या पैष्टी सुरेची दूरची बहीणच म्हटली पाहिजे. याउलट आज भैरवापुढे बहुधा येते ती उर्ध्वपातित, बेचाळीस टक्क्यांच्या पुढची मदिरा. तिचे नाव विलायती असले तरी तिच्यात बहुतांशी उसाच्या मळीचा मद्यार्क असतो. पात्र तेच राहिले, द्रव्य पार पालटले.

या देवळाचा मराठ्यांशी जो संबंध आहे तो आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. १७२८ च्या अखेरीस चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याच्या सुभेदाराचा पराभव केला आणि पुढे राणोजी शिंदे यांनी उज्जयिनीत आपले ठाणे केले. १२३५ च्या सुमारास अल्तमशने उद्ध्वस्त केलेले महाकालेश्वराचे मंदिर पाचशे वर्षांनंतर पुन्हा उभे केले ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. कोकणातील एका शेणव्याच्या हातून बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचा जीर्णोद्धार व्हावा, ही गोष्ट आपल्या समाजात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. कालभैरवाविषयी अशी आख्यायिका आहे की पानिपतच्या काळात महादजी शिंदे यांनी आपली पगडी देवाच्या मस्तकी ठेवून यशाची याचना केली आणि पुढे या देवळाचा जीर्णोद्धार करविला. १७६१ साली पानिपतावर महादजी जखमी होऊनही वाचले आणि १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हाती घेतली तेव्हा ते अग्रभागी होते, हा तर इतिहासच आहे. आजही कालभैरवाच्या मस्तकी मराठी घाटाची पगडी शोभते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी शिंदे घराण्याचा या देवाशी असलेला संबंध तुटला नाही. धर्माभिमानी मराठी राज्यकर्त्यांनी महाकालाची पूजाव्यवस्था लावून दिली, परंतु भैरवाचे मद्यपात्र हिरावून घेतले नाही. आपल्या घरचा आचार दुसऱ्याच्या देवावर लादू नये, ही समज त्यांच्या ठायी होती.

उज्जयिनीतील सुरेचा आणखी एक विधी याहूनही बोलका आहे. शारदीय नवरात्रातील महाष्टमीस चोवीसखांबा या प्राचीन वेशीतील महामाया आणि महालया या देवींना मद्याचा नैवेद्य दाखवून नगरपूजेस आरंभ होतो, आणि हा नैवेद्य दाखवितो जिल्ह्याचा कलेक्टर. मग तळाला छिद्र पाडलेल्या भांड्यातून मद्याची बारीक धार सोडीत मिरवणूक सुमारे सत्तावीस किलोमीटर फिरते. वाटेत चाळीसेक देवीभैरवांची पूजा होऊन हांडीफोड भैरवापाशी तिची सांगता होते. ही प्रथा विक्रमादित्यापासून चालत आल्याचे परंपरा सांगते. या धारेतील थेंबही कोणी पिण्यासाठी नसतो. नगराच्या सीमेवर सुरेची रेघ ओढून रोगराई व संकट यांना बाहेर थोपविण्याचा तो संकल्प असतो.

हे सारे कोकणी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. गोव्यात व सिंधुदुर्गात गावच्या राखणदाराला सोरो आणि रोट ठेवण्याची चाल आहे. गाऱ्हाणे घालणारा त्याला वाट चुकलेल्याला मार्ग दाखविण्याची, गुरेवासरे सांभाळण्याची विनवणी करतो. कोकणीतील सोरो हा शब्द आणि माडाच्या रसाला आपण म्हणतो ती सूर, या दोहोंत संस्कृत सुरा अद्याप जिवंत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूपासून पुढे फेणी निघू लागली आणि ती राखणदाराच्या पात्रातही गेली. तेथेही द्रव्य बदलले, गाऱ्हाणे बदलले नाही. घरातील मंगेश, शांतादुर्गा वा लक्ष्मीनारायण यांच्या नैवेद्यात जे कदापि येणार नाही, ते वेशीवरच्या राखणदाराला आपलेच पूर्वज श्रद्धेने ठेवीत आले. तेव्हा भैरवगडला मान खाली घालणाऱ्याने आपल्या गावच्या वेशीचे स्मरण करावे.

असे असता या प्रथेचे खरे संकट कोठे आहे? माझ्या मते ते नैवेद्यात नसून नैवेद्याभोवती वाढलेल्या व्यवहारात आहे. जुन्या काळी सुरा घरी वा गावात, कार्यापुरती होत असे. इंग्रजी अमदानीत आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी व मोह यांवरील गावकऱ्यांचा हात आखडला आणि ठेकेदाराच्या दुकानाचे महत्त्व वाढले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचा आदर्श सांगितला, मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला; तरी इतरत्र महसुलाचा मोह सुटला नाही. कालभैरवाच्या दारातही फुलांच्या टोपलीशेजारी बाटली विकली जाऊ लागली. पूजेच्या सामग्रीत ती नारळासारखी सहज मिळू लागल्यावर अर्पण आणि खरेदी यांतील भेद पुसट होणारच. एक तृतीयांश प्रसाद देवळाबाहेर पिऊन झिंगणारा मनुष्य भैरवाची उपासना करीत नाही. भैरवाचे नाव पुढे करून तो आपलीच उपासना करीत असतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी महेश्वर येथे भरलेल्या मध्य प्रदेश मंत्रिमंडळाच्या बैठकीत धार्मिक महत्त्वाच्या एकोणीस क्षेत्रांत मद्यविक्री बंद करण्याचा निर्णय झाला. तो १ एप्रिलपासून अमलात आला आणि उज्जयिनीची दुकाने बंद झाली. कालभैरवाच्या अर्पणावर मात्र बंदी घातली गेली नाही. ज्याला नैवेद्य दाखवावयाचा त्याने तो बाहेरून आणावा, अशी स्थिती झाली. काहींना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. सहज हाती लागणारे द्रव्य दुर्मिळ झाले म्हणजे अर्पणाला पुन्हा संकल्पाचे रूप येते. अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष आणि महाष्टमीचा कलेक्टर हे दोघेही जी गोष्ट आचरणाने सांगतात, तीच या निर्णयातूनही निघते: सुरा ही विधीपुरती, ठरल्या दिवशी, ठरल्या पात्रात.

भैरवाच्या पात्राचा अर्थ मला असा दिसतो. माणसाने आपल्यातील जे तीक्ष्ण, उग्र व अनावर, ते त्या पहारेकऱ्याच्या स्वाधीन करावे. जो कपाल हाती घेऊन पातक भोगून मुक्त झाला, त्याच्यापुढे गोड नैवेद्यापेक्षा हेच ठेवणे उचित होय. एक व्यसनी भाविक आपली शेवटची बाटली म्हणून जर ती त्या ओठांना लावील, तर त्या नैवेद्याइतका शुद्ध नैवेद्य दुसरा नाही. आणि पहिल्या घोटासाठी निमित्त म्हणून जो ती आणील, त्याने देवळात न आलेलेच बरे.

ज्यांच्या आचारात मद्याला स्पर्श नाही त्यांनी भैरवगडला जावे की नाही, असे पुष्कळदा विचारले जाते. जावे. काशाच्या पात्रातील नारळाच्या पाण्याचा अनुकल्प शास्त्राने त्यांच्यासाठीच सांगितला आहे; नाही तर फूल, तेल व दिवा हे आहेतच. महाराष्ट्रात कार्तिक वद्य अष्टमी म्हणून ओळखली जाणारी भैरवजयंतीची तिथी त्यासाठी उत्तम. त्या दिवशी पगडी धारण केलेल्या त्या शेंदरी मुखाकडे पाहताना, महाकालाचे देवालय पुन्हा उभारणाऱ्या शेणवी दिवाणाचेही स्मरण करावे, एवढीच विनंती आहे.